रत्ना आणि हिरव्या कोटातली बाई

रत्ना गेल्याचं मला तिच्या घरून कळलं नाही, वकीलबाईंकडून कळलं. सकाळी दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं, मशिनीवरचं कापड काढून झटकत होते, तेवढ्यात फोन वाजला. "शमीमताई, रत्नमालाबाई गेल्या. श्वास लागला, हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचल्या नाहीत..." एवढं बोलून त्या थांबल्या. मला वाटलं, बाईंना भरून आलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे आत्ता विचारू नये, पण विचारते. त्या दुसऱ्या बाईचं नाव त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का?" मी म्हटलं, "कुठली दुसरी बाई?" आणि फोन ठेवला. मैत्रीण जाऊन तास झाला नव्हता आणि मी तिच्यासाठी खोटं बोलायला सुरुवातही केली होती.

त्याला आता दीडेक महिना होऊन गेला. रडून झालं, रागावून झालं, आता लिहून बघते. लिहिणं हे काही माझं काम नव्हे. पुण्याबाहेर, तळवड्याजवळ रुपीनगरात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आत दोन बायका उभ्या राहिल्या की तिसरीला पायरीवर थांबावं लागतं. रत्ना या दुकानात आमची मैत्री होण्याआधी आली ती भांडायलाच. तिचा ब्लाउज मी शिवला होता साधा, पाठीला बंद गळा, बाहीला काही नाही. चाकणला वायरिंगच्या कंपनीत जाणारी बाई, दिवसभर अंगावर कंपनीचा कोट, तिला नक्षी कशाला, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. तिनं तो ब्लाउज माझ्यासमोर टाकला आणि म्हणाली, "भाभी, कोटाखाली काय हाय ते साहेबाला दिसत न्हाई. मला तर ठाऊक असतं की." तो मी उसवून पुन्हा शिवला, मागे खोल गळा, त्याला लटकन. तिथून आमचं जमलं. ती केजकडची, लग्न होऊन इकडे आलेली. आम्ही मुलाणी, तीन पिढ्या इथलेच. ईदेला माझ्याकडे शिरखुर्मा प्यायला यायची, दोन वाट्या संपवायची आणि साखर कमी पडली म्हणून नावं ठेवून जायची.

गाठ कळली तीही माप घेताना. टेप जरा आवळली तशी ती मागे सरकली. "दुखतं का गं?" "दुखत न्हाई, कायतरी हाय." हात लावला तर डाव्या बाजूला आवळ्याएवढं काहीतरी बोटाखाली सरकत होतं. दिगंबरभाऊंनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, त्यांच्या कारखान्यातल्या प्रेसशॉपमधून रजा टाकली आणि तिला हायवेवरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, केस चालू आहे. तिथं सुई घालून गाठीचा तुकडा काढला आणि रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. मोठ्या डॉक्टरांनी उभ्या-उभ्याच सांगितलं, आधी औषध देऊ, गाठ बारीक करू, मग ऑपरेशन. दुसऱ्या कुणाला दाखवायचं का, असं दिगंबरभाऊंनी चाचरत विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "दाखवा की. तोवर तो वाढेल." असं ऐकल्यावर कोण नवरा थांबेल? पुढच्याच आठवड्यात तिच्या हाताला सलाइन लागलं. त्यातून एक लाल औषध जायचं. ते चढायला लागलं की ती डोळे मिटून घ्यायची. केस गेले, नखं काळी पडली, मिरचीचा ठेचा खाणारी बाई मऊ भातालाही नको म्हणायला लागली. गाठ मात्र होती तेवढीच होती. हे तिनं मला सांगितलं, डॉक्टरांनाही सांगितलं. ते म्हणाले, आतून मेली असेल.

मग ऑपरेशन झालं आणि तिची डावी बाजू सपाट झाली. काढलेला भाग तपासायला पाठवला, तर त्यात कॅन्सरचा कणही नव्हता. साधी गाठ होती, बायकांना होते तशी. डॉक्टरांनी दिगंबरभाऊंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "औषधानं सगळं जाळून टाकलं. फार थोड्यांच्या नशिबात असं असतं." त्या भल्या माणसानं घरी येताना पेढे आणले. सगळ्या गल्लीत वाटले. मलाही दिला, मीही अल्लाहचे आभार मानून खाल्ला. आज त्या पेढ्याची आठवण झाली की डोकं तडकतं.

पुढची भानगड जिन्यावरून कळली. रत्ना पुन्हा कामावर जायला लागली होती, पण दुसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचेपर्यंत तिला मध्ये बसावं लागायचं. आधी वाटलं अशक्तपणा असेल. मग पाय सुजले. निगडीतल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की लाल औषधानं काहीजणांचं हृदय कमजोर होतं, तसं झालंय. त्यांनी जुने कागद मागितले. आधीचा रिपोर्ट आणि ऑपरेशननंतरचा रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून ते बराच वेळ बघत राहिले, आणि पुण्यातल्या एका वयस्कर डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. ते डॉक्टर पेशंट तपासत नाहीत, फक्त गाठीतून काढलेल्या तुकड्यांच्या काचा दुर्बिणीखाली बघतात. हॉस्पिटलातून काच मिळवायलाच खेटे घालावे लागले. त्या दिवशी मी बरोबर होते. डॉक्टरांनी दुर्बिणीवरून मान वर केली आणि म्हणाले, "बाई, औषधानं कॅन्सर जातो. पण कॅन्सरची साधी गाठ होत नाही. या काचेवर जे आहे तो कॅन्सरच आहे. तो तुमच्या अंगातला नव्हता, असं माझं मत आहे."

दिगंबरभाऊ उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "म्हणजे हिला काहीच नव्हतं?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "काहीच नव्हतं, आन् आमी कापून दिलं?" मला वाटलं, आता हा माणूस टेबलावरची दुर्बीण फेकणार. रत्ना मात्र जागची हलली नाही. पदर नीट केला आणि डॉक्टरांना विचारलं, "मग हे कुणाचं हाय?" डॉक्टरांनी हात जोडल्यासारखं केलं, ते मला कसं कळणार, म्हणाले. परतीच्या रिक्षात दिगंबरभाऊ रडत होते, मी हॉस्पिटलला शिव्या देत होते, आणि रत्ना मध्ये बसून एकच सांगत होती, "भाभी, लग्नातून मी दुसरीची चप्पल घालून आले, तर माझी चप्पल घालून कुणीतरी गेलीच असंल की. माझी साधी गाठ कुणाला दिली? ती बाई खुशाल घरात बसली असंल. कुणीतरी सांगा तिला." हे तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. नुकसानभरपाई, न्याय, डॉक्टरला धडा, हे सगळे आमचे शब्द होते. तिला ती बाई हवी होती, आणि तीही लवकर.

वकीलबाई निगडीच्या प्राधिकरण वस्तीत राहणाऱ्या, तरुण आणि हुशार. त्यांनी हॉस्पिटलला नोटीस धाडली आणि रत्नाच्या हट्टापायी त्यात लिहिलं की तिला सुई घातली त्या दिवशी ज्या-ज्या बायकांच्या गाठी तपासल्या त्या सगळ्यांना बोलावून पुन्हा तपासा. उत्तर आलं ते गुळगुळीत. आमच्याकडून कोणतीही अदलाबदल झालेली नाही, तरीही माणुसकीच्या भावनेनं सर्व महिलांना बोलावून तपासलं, सर्वजणी ठणठणीत आहेत. पुण्यातल्या डॉक्टरांनी नियमाप्रमाणे परत पाठवलेली काच आणि मेणात जपलेला मूळ तुकडा, दोन्ही लॅबची जागा बदलताना गहाळ झाले, असंही त्याच पत्रात होतं. दिगंबरभाऊ ते वाचून कोसळलेच. पुण्याचे डॉक्टरच चुकले असतील का, असं त्यांना वाटायला लागलं. माझ्याही मनात पाल चुकचुकली. सगळ्या ठणठणीत असतील तर अदलाबदल झाली कुणाशी?

चार-पाच दिवसांनी रत्ना दुकानात स्टुलावर बसली होती, मी हुक लावत होते. ती एकदम म्हणाली, "भाभी, एक बाई उठलीच नव्हती." मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. सुई घालायला गेली त्या दिवशी लॅबबाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी एक बाई बसली होती, शिफ्ट सोडून आलेली, अंगावर कंपनीचा हिरवा कोट. आतून नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारलं. रत्नानं बघितलं तर त्या बाईच्या हातातल्या कार्डावर तेच नाव होतं. "म्या तिला ढोसलं, म्हणलं, अगं तुलाच बोलावायलेत. मग दचकून पळाली." एवढं सांगून रत्ना माझ्याकडे बघत राहिली. "माणूस सोताच्या नावाला उठत न्हाई का गं?"

आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्याला यापुढे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. कायम नोकरीवाल्या बाईकडे कंपनीचं मेडिकलचं कार्ड असतं. ठेक्यावरच्या बाईकडे बहुतेक वेळा नसतं. दोघी एकाच लाइनवर उभ्या राहतात, एकमेकींच्या डब्यातलं खातात. एकीचं दुखणं निघालं की दुसरी कार्ड काढून देते, जा माझ्या नावानं दाखवून ये. काउंटरवरचा माणूस कार्ड बघतो, तोंड कोण बघतो? पकडलं तर फसवणूक, नोकरी जाते, पोलीसकेसही होते. हॉस्पिटलनं बोलावलं असेल ते कार्डावरच्या बाईला. ती ठणठणीत असणारच. जिची गाठ होती तिला कुणी बोलावलेलंच नव्हतं.

हिरव्या कोटाच्या कंपनीच्या गाड्या कुठे-कुठे थांबतात ते रत्नाला माहीत होतं. (कोटाचा रंग मी इथे मुद्दाम दुसरा लिहिलाय, गावही दुसरं लिहिणार आहे.) सकाळच्या शिफ्टला आम्ही दोघी त्या थांब्यांवर जाऊन उभ्या राहायला लागलो. तिला दम लागायचा, ती विजेच्या खांबाला टेकायची, आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई निरखायची. तोंडाला रुमाल बांधलेल्या, डोळ्यांवर झोप असलेल्या पंचवीस-तीस बायका, सगळ्या हिरव्या. तिला चेहरा नीट आठवत नव्हता. एकदोघींना विचारलं तर त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं, "तुम्ही कंपनीकडनं आलात का?" आणि तोंड फिरवलं. कार्डाचं नाव काढताच सगळ्या मुक्या. मी म्हटलं, रत्ना, हे काही होणार नाही, आणि तुझा जीव जाईल. ती म्हणाली, "माझा न्हाई गं, तिचा जाईल." मला तेव्हा राग आला होता, कारण तिचे ओठ निळे पडले होते.

शेवटी तिनं थांबे सोडले आणि माझं दुकान धरलं. रजा टाकून रोज दुपारी येऊन स्टुलावर बसायची. जी बाई माप द्यायला येईल तिला स्वतःची हकीकत सांगायची, आडपडदा न ठेवता. दाराला पडदा लावून पदर बाजूला करून दाखवायची. काहीजणी रडायच्या, एक तर उठून पळाली. शेवटी एकच वाक्य सांगायची, "कार्ड कुणाचं होतं ते मला नको. जिची गाठ होती तिला फकस्त सांगा, पुन्हा तपास म्हणावं." माझं गिऱ्हाईक तुटतंय की काय, अशी मला भीती होती. तसं झालं नाही. या दुकानातलं बोलणं चिखली, मोशी, चाकणपर्यंत किती लवकर जातं ते मला तेव्हा समजलं. एका दुपारी एक बाई आली, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, दाखवा ब्लाउजपीस. पिशवी रिकामी होती.

"तुमीच का त्या?" तिनं रत्नाला विचारलं. इकडच्याच गावची बाई होती, बोलण्यावरून लगेच कळलं. रत्नानं तिला हाताला धरून बसवलं. बाई घडाघडा बोलायला लागली. "हास्पिटलातनं मला फोन आला व्हता. मला वाटलं कार्डाची चौकशी हाय. म्हून मी गुमान गेले, तपासून घेतलं आन् आले. नोकरी गेली तर आमी खायाचं काय, ताई?" रत्नानं तिचं बोलणं संपू दिलं. मग विचारलं, "आन् तिला सांगितलंस?" बाई खाली बघायला लागली. "न्हाई. ती लई घाबरट हाय. आन् तिच्याकडं कागद हाय ना, साधी गाठ म्हून." "गाठ हाय अजून?" "व्हय. हळदीचा लेप लावती." "वाढली?" बाईनं मूठ वळून दाखवली. रत्नानं माझ्याकडे बघितलं. मी मशीन बंद केली, शटर ओढलं आणि रिक्षा बोलावली.

कुरुळीच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे, त्यातली एक खोली. तिचा नवरा गोदामात माल चढवतो, तोही नेमका घरी होता. ती बाई चुलीपुढून उठली आणि रत्नाला बघून गोंधळली. "तुमी मला उठवलं होतं," ती म्हणाली. तिला आठवत होतं. रत्नानं घोळ घातला नाही. "तुझा कागद माझा हाय बाई, आन् माझा कागद तुझा." तिला ते कळेचना. ती पुन्हा-पुन्हा म्हणत राहिली, "साधी हाय म्हणले होते ओ." नवऱ्याला मात्र कळलं आणि तो वेगळ्याच गोष्टीला घाबरला. पोलीस येतील का, कोर्टात जावं लागेल का, कार्डवालीचं काय होईल, असं तो एकापाठोपाठ एक विचारायला लागला, आणि आवाज चढायला लागला. तुम्ही कोण, कशाला आलात, आमच्या बाईला काही झालेलं नाही... मला वाटलं आता हाकलून देणार. रत्ना त्याला म्हणाली, "तुमचं नाव माझ्या तोंडून कुठंच निघणार न्हाई. कोर्टात न्हाई, घरात न्हाई. पण उद्या सकाळी हिला घेऊन माझ्यासंगं यायचं." मग त्या बाईला साडीच्या आडोशामागे घेऊन गेली. आत काय बोलली, काय दाखवलं, ते मला दिसलं नाही. बाहेर आल्यावर ती बाई "येते" एवढंच म्हणाली.

सरकारी दवाखान्यात तिची तिच्या स्वतःच्या नावानं तपासणी झाली. कॅन्सर होता, पसरायच्या बेतात होता, पण डॉक्टर म्हणाले आलात ते वेळेत आलात. सरकारी योजनेतून उपचार सुरू झाले. दर खेपेला रत्ना बरोबर जायची. जिनं ते लाल औषध विनाकारण सोसलं होतं ती, जिला ते खरंच लागणार होतं तिच्या उशाशी बसायची, आणि नर्सला दर वेळी बजावायची, "हिचं हृदय आधी बघा, मग लावा." नर्स वैतागायची. हे सगळं दिगंबरभाऊंपासून चोरून. त्यांना वाटायचं, रत्ना माझ्या दुकानात बसली आहे. मी म्हटलं, अगं नवऱ्याला तरी सांग. ती म्हणाली, "ते मनानं लई चांगले हायेत, पण रागात एक दिवस वकिलापुढं बोलून जातील. मी शब्द दिलाय."

इकडे केस रुतत चालली होती. हॉस्पिटलनं आपल्याच ओळखीच्या तज्ज्ञांचं मत आणून लावलं, की बाईंना कॅन्सर होता आणि उपचारानं बरा झाला, यात तक्रार कसली. वकीलबाईंनी एकदा दिगंबरभाऊंच्या घरी आम्हा सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, "पुण्याच्या डॉक्टरांचं मत आहे, पण काच नाही, तुकडा नाही. ती एक बाई समोर आली, तिचा साध्या गाठीचा जुना कागद आणि आता निघालेला कॅन्सर दाखवता आला, तर त्यांच्याकडे बोलायला काही उरणार नाही." रत्नानं विचारलं, तिचं नाव झाकून ठेवता येईल का? वकीलबाई खोटं बोलल्या नाहीत. उलटतपासणी होणारच आणि कार्डाचा विषय निघणारच, म्हणाल्या. रत्नानं मान हलवली आणि चहा टाकायला उठली. दिगंबरभाऊ म्हणाले, "एक बाई. एवढ्या मोठ्या गावात ती एक बाई कुठं शोधू मी?"

त्या दिवशी जिन्यात मी तिच्याशी भांडले. अगदी कडाडून भांडले. तुझं अंग गेलं, तुझं हृदय गेलं, ते लोक मोकळे फिरणार, उद्या आणखी कुणाची काच बदलतील, आणि तू एका कार्डापायी गप्प बसणार? तिला दम लागला होता म्हणून पायरीवर बसली. "भाभी, त्या डॉक्टरनं सगळ्यांपुढं म्हणावं, आमचं चुकलं. लई वाटतं गं मला. रोज वाटतं. पण निम्म्या औषधातनं तिला उठवून कोर्टात उभी करू का? आन् जिनं कार्ड दिलं तिची नोकरी घालवू? तिनं वाईट मनानं दिलं होतं का?" मी म्हटलं, मग ती बरी झाल्यावर तरी विचार. "इचारू की. तिनं सोताहून हो म्हणलं तर बघू. मी हाय की तवर." ती त्या बाईचे उपचार संपेपर्यंत होती, त्यापुढे नाही. लाल औषधानं पोखरलेलं हृदय एक दिवस थांबलं. कुठल्याही कागदावर हॉस्पिटलचं नाव न येता थांबलं. याचा मला अजून संताप येतो, आणि रत्नाचाही येतो. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. मी धरलाय.

आता केस दिगंबरभाऊंच्या नावानं चालू आहे. वकीलबाईंचे मला आणखी दोन फोन आले, मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. हे छापून आलं की तिसरा येईल. गेल्या आठवड्यात मी दिगंबरभाऊंकडे गेले होते. त्यांची मुलगी नांदेडला दिलेली, ती परत गेली, म्हणून मी अधूनमधून काहीतरी शिजवून घेऊन जाते. घर त्यांनी नीट ठेवलंय. रत्नाचा मोबाइल फळीवर चार्जिंगला लावलेला होता. मी त्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"बंद न्हाई केला," ते म्हणाले. "एका बाईचा फोन येतो त्याच्यावर." हिला दुसऱ्या दिवशी जाळून आलो आणि संध्याकाळी तो पहिला फोन आला, त्यांनी सांगितलं. हॅलो म्हणायच्या आत ती म्हणाली, ताई, आजची तपासणी झाली, चांगलं हाय, आणि ठेवून दिला. रत्नानंच तिला तशी सवय लावली होती, तपासून आलीस की आधी मला कळव. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. "मागल्या हप्त्यात पुन्हा आला. तवा मी सांगितलं, ती गेली म्हणून. तिकडून नुसतं रडणं. बराच वेळ. मग रडत-रडतच म्हणाली, दादा, चांगलं हाय रिपोर्टात, ताईला सांगायचं होतं." खिडकीबाहेर खालच्या गल्लीत भंगारवाला ओरडत होता. मी आणलेला डबा उघडून त्यांना वाढायला घेतलं. वर्षभर हा माणूस पुण्याच्या ग्राहक आयोगात केसपायी खेटे घालत एका बाईला शोधत होता, आणि ती बाई त्यांना दादा म्हणाली होती.

"कोण असंल ओ, भाभी?"

"असेल कुणीतरी कंपनीतली," मी म्हटलं.

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग उठले, रत्नाचा फोन हातात घेतला, काच शर्टाला पुसली. "वकीलबाई म्हणल्या होत्या, हिच्या फोनमधले सगळे नंबर द्या, एकेकीला विचारू," ते म्हणाले. "परवा देऊन आलो. सगळे दिले." फोन त्यांनी परत फळीवर ठेवला आणि वायर नीट बसली का ते बघितलं. "हा एक तेवढा दिला न्हाई."